नाताळच्या सहलीचा जमाखर्च

दिवाळीचे अंक बाजारात येतात त्याच सुमारास घरोघरी आणखी एका प्रकारचे लेखन चालू असते. ते म्हणजे खर्चाची वही. तेलातुपाला किती, मुलांच्या कपड्यांना किती, कामवाल्या बाईंची आणि पोस्टमनची पोस्त किती, आणि एवढे सगळे होऊन काही उरलेच तर मुलांना दोन दिवस कोठे फिरवून आणता येईल काय, याचे आकडे त्या वहीत मांडले जातात, खोडले जातात, पुन्हा मांडले जातात. या वहीला कोणी इतिहासाचे साधन मानीत नाही. सण संपला की ती रद्दीत जाते. अशा दिवसांत मी वाचकांना एका परक्या सणाच्या वहीकडे नेणार आहे. सण नाताळचा आणि वह्या विलायतेतल्या गरीब घरांतल्या.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, शाळेत मुलांना शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते, निदान मला आहे. पात्राच्या खिशात नेमके किती पैसे आहेत हे ठरल्याखेरीज मला त्याला घराबाहेर काढता येत नाही. या खोडीपायी मी डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’कडे वळलो. हे छोटे पुस्तक 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झाले आणि त्याच्या सहा हजार प्रती नाताळच्या आधीच संपल्या. त्यातला कारकून बॉब क्रॅचिट याचा पगार आठवड्याला 15 शिलिंग. पुस्तकाची किंमत 5 शिलिंग. म्हणजे बॉबला स्वतःचीच गोष्ट विकत घेऊन वाचायची झाली असती तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा द्यावा लागला असता! घरात बायको आणि सहा मुले. या माणसाने मुलांना घेऊन नाताळात कोठे जावे?

तो कोठेही जात नाही. नाताळच्या सकाळी अधू मुलाला खांद्यावर घेऊन तो देवळात जाऊन येतो, एवढेच. आणि आदल्या संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर कॉर्नहिलच्या रस्त्यावर पोरे बर्फावरून घसरत असतात, त्यांच्या रांगेत उभा राहून हा बाप्या वीस वेळा घसरून घेतो आणि मग घराकडे धावतो. टीकाकारांनी या जागेला बॉबच्या आनंदी स्वभावाची खूण म्हटले तर माझी हरकत नाही. मला मात्र तेथे जमाखर्च दिसतो. त्या सबंध शहरात फुकट मिळणारी मौज ती एवढीच होती, आणि ती त्याने वीस वेळा घेतली.

पैशाच्याही आधी प्रश्न होता दिवसाचा. बॉबला सुटी एका दिवसाची, आणि तीही मालकाने कुरकुरत दिलेली. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी साधुसंतांचे वार धरून वर्षाकाठी तीसहून अधिक सुट्या पाळीत असे. 1834 साली त्या कापून चारच ठेवल्या. गिरण्या आणि कारखाने तर त्याहून कडक. अशा काळात सर जॉन लबक नावाच्या गृहस्थाने 1871 साली पार्लमेंटकडून बँक हॉलिडेचा कायदा करवून घेतला. हा मनुष्य मोठा गंमतीचा. धंद्याने पेढीवाला, छंदाने मुंग्यांचा अभ्यासक, आणि डार्विनचा शेजारी. त्याच्या कायद्याने इंग्लंडात 26 डिसेंबर हा दिवस सुटीचा ठरला. कायदा नावाला बँकांपुरता होता, पण पेढ्या बंद तर व्यवहार बंद, म्हणून दुकाने आणि कारखानेही हळूहळू मागे आले. लोकांनी कौतुकाने लबकसाहेबाला संतपद देऊन टाकले आणि त्या सुट्यांना ‘सेंट लबकचा दिवस’ म्हणू लागले.

या 26 तारखेला ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात. मुष्टियुद्धाशी त्याचा काही संबंध नाही. नोकर, शिकाऊ पोरे, निरोपे यांच्या डब्यात वर्षाची बक्षिसी टाकण्याची तिकडे जुनी चाल होती. सॅम्युएल पीप्स या रोजनिशीकाराने 1663 च्या डिसेंबरात आपल्या चांभाराच्या पोरांच्या डब्यात नाताळानिमित्त काही टाकल्याची नोंद केली आहे. आपली दिवाळीची पोस्त ती हीच. या चालीमुळे ज्यांच्या हाती वर्षभर नाणे टिकत नसे अशा पोरासोरांकडे नेमक्या त्या दिवशी चार पेन्स असत, आणि 1871 नंतर ते खर्चायला एक मोकळा दिवसही मिळाला. 25 तारीख घरची, चुलीजवळची. 26 बाहेर पडण्याची. स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी. तिकडच्या कडक प्रॉटेस्टंट पंथाला नाताळचे वावडे, त्यामुळे तेथे 25 डिसेंबर हा सर्वांच्या सुटीचा दिवस व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

दिवस मिळाला, वाहनही आले. 1844 साली पार्लमेंटने रेल्वे कंपन्यांवर बंधन घातले की रोज निदान एक गाडी अशी सोडावी जिच्यात गरिबाला मैलाला एक पेनी या दराने, वर छप्पर असलेल्या डब्यात बसून जाता येईल. त्या कायद्यात मुलांची तरतूद होती. तीन वर्षांच्या आतले मूल फुकट, तीन ते बारा अर्धे तिकीट. आपल्याकडे एस.टी.च्या रांगेत उभे राहून ज्याने ज्याने मुलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगितले आहे त्याला हे कलम परिचयाचे वाटेल. बॉक्सिंग डेच्या गाडीतही आयांच्या मांडीवर बरीच थोराड तान्ही बाळे बसत असतील, असा माझा तर्क आहे.

आता वही उघडू. लंडनमधले एक कुटुंब धरा. नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि कडेवरचे एक. त्यांना बॉक्सिंग डेला आठ मैलांवर जाऊन काही तरी पाहून यायचे आहे. मोठ्या माणसाला जाताना आठ पेन्स, येताना आठ. दोघांचे मिळून 32. मुलांना अर्धे तिकीट, दोघांचे 16. कडेवरचे फुकट. एकूण 48 पेन्स म्हणजे 4 शिलिंग. सिडनॅमच्या टेकडीवर 1854 पासून काचेचा प्रचंड महाल उभा होता, क्रिस्टल पॅलेस. त्याच्या स्वस्त दिवसाचा दर एक शिलिंग होता. तो दर धरला आणि मुलांना अर्धा धरला, तर आणखी 3 शिलिंग. झाले 7 शिलिंग, आणि अजून कोणी चहाचा घोटही घेतलेला नाही. रेल्वे कंपन्या गाडीभाडे आणि प्रवेश मिळून स्वस्त तिकिटे काढीत, त्यात काही सुटत असेल. पण सुमार कळावा एवढ्यापुरता हा आकडा पुरे आहे.

7 शिलिंग म्हणजे त्या घराला किती? याचे उत्तर देणारे एक विलक्षण पुस्तक आहे. मॉड पेंबर रीव्ह्ज या बाईंनी ते 1913 साली प्रसिद्ध केले. फेबियन पंथाच्या काही स्त्रियांनी 1909 पासून चार वर्षे लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या मजुरांच्या घरी आठवड्याआठवड्याला जाऊन तेथल्या गृहिणींकडून खर्चाच्या वह्या लिहवून घेतल्या. या घरांतली मिळकत आठवड्याला 18 पासून 30 शिलिंगांपर्यंत. ही काही भिकाऱ्यांची घरे नव्हेत, नेमाने कामावर जाणाऱ्या, दारू न पिणाऱ्या माणसांची घरे. काही बायांना लिहिता येत नव्हते. त्या आठवड्याची पैन् पै तोंडपाठ सांगत आणि नवरा किंवा मुलगा ती उतरवून घेई. मला या पुस्तकातल्या या बायांविषयी जो आदर वाटतो तो पुष्कळ मुत्सद्द्यांविषयी वाटत नाही. भाडे सहा ते आठ शिलिंग. कोळसा. दर मुलामागे आठवड्याला एक पेनी विम्याची, आणि हा विमा मुलाच्या शिक्षणाचा किंवा लग्नाचा नव्हे, मूल मेले तर त्याला भिकाऱ्यासारखे पुरावे लागू नये म्हणून त्याच्या मर्तिकाचा. बुटांसाठी वेगळी वर्गणी. मग जे उरेल त्यात सात दिवसांचे अन्न, आणि त्यातलेही चांगले ते कमावत्याच्या पानात.

म्हणजे आपली एका दिवसाची सहल एका आठवड्याच्या घरभाड्याएवढी झाली. त्यात एक गोष्ट आपण पगारदार माणसे विसरतो. रोजावर काम करणाऱ्याला सुटीचा पैसा मिळत नसे. पगारी रजेचा कायदा इंग्लंडात 1938 साली झाला. तोवर पुष्कळ मजुरांच्या घरी नाताळच्या आठवड्याची पुडी दोन दिवसांनी हलकी येई. सरकारने दिवस मोकळा केला होता, दिवसाचे मोल दिले नव्हते. सेंट लबकच्या सुटीची ही बाजू फारशी लिहिली जात नाही. ज्या आठवड्यात खर्च दुप्पट त्याच आठवड्यात मिळकत कमी!

तेव्हा डिसेंबरच्या पगारातून नाताळ करणे शक्यच नव्हते. तो करावयाचा मागच्या महिन्यांतून. आठवड्याला एक पेनी बाजूला टाकली तर 84 पेन्स जमायला 84 आठवडे लागतात, दीड वर्षाहून अधिक. दोन पेन्स टाकायचे तर मार्चच्या आरंभापासून टाकावे लागतील. आणि हे नुसत्या फिरण्याचे. ताटातला हंस पक्षी वेगळाच.

त्या हंसासाठी ‘गूज क्लब’ असत. गुत्त्याचा मालक शरद ऋतूपासून दर आठवड्याला गिऱ्हाइकांकडून काही पेन्स घेई आणि नाताळला एकेक हंस देई. पुष्कळदा जोडीला जिनची बाटली. शेरलॉक होम्सच्या 1892 सालच्या निळ्या माणकाच्या गोष्टीतला हंस अशाच क्लबातला आहे, ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका गुत्त्यातला. कॉनन डॉइलला तेथे रहस्य सापडले. मला त्या गोष्टीतला मोडकी टोपी घातलेला, परिस्थितीने खालावलेला हेन्री बेकर अधिक लक्षात राहतो, कारण महिनोन्महिने पेन्स भरून मिळवलेला हंस त्याच्या हातून रस्त्यात निसटलेला असतो. हंस घरी आला तरी तो भाजणार कशात? गरिबाच्या चुलीला भट्टी नसे. तो बेकरीवाल्याकडे नेऊन, चार पैसे देऊन भाजून आणायचा. क्रॅचिटच्या घरीही तसाच आणतात.

गुत्त्याखेरीज गल्लीगल्लीत बायकांचे क्लब असत. एखादी विश्वासू बाई वर्षभर पेन्या गोळा करी आणि डिसेंबरात ज्याचे त्याला वाटून टाकी. आपल्या भिशीची ही विलायती बहीणच. फरक एवढा की भिशी महिन्याच्या महिन्याला कोणाला तरी लागते, आणि यांची रक्कम नाताळपर्यंत हलायची नाही. हलली नाही पाहिजे, हाच तर हेतू. घरात डब्यात ठेवलेला पैसा आजारपणात जातो, भाड्यात जातो, नवऱ्याच्या डोळ्यांस पडला तर आणखी कोठे जातो. म्हणून तो दुसरीच्या हाती द्यायचा. या क्लबांना त्या लोकांनी जे लाडके नाव दिले ते ऐकण्यासारखे आहे: ‘डिडलम’. इंग्रजीत ‘डिडल’ म्हणजे फसवणे. आपल्या भाषेत बोलायचे तर ‘टोपीघालू मंडळ’. ज्या क्लबात आपण वर्षभराची पुंजी ठेवतो त्यालाच असे नाव ठेवून हसायचे! हे हसे सुखाचे खास नव्हे. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खजिनदार पळाल्याच्या बातम्या तिकडे वर्तमानपत्रांना नव्या नव्हत्या. पळालेल्याला क्वचित शिक्षा होई. मुलांचे पेन्स परत येत नसत.

मग या बाया पोस्टात का जात नव्हत्या, असे कोणी विचारील. ग्लॅडस्टनने 1861 साली पोस्टाची बचत बँक काढली होती, पैसा सरकारच्या हमीचा होता. पण तेथे एका वेळी निदान एक शिलिंग घेऊन जावे लागे. शिलिंग साठेपर्यंत बारा पेन्या घरात कोठे लपवायच्या? हे कोडे सुटायला एकोणीस वर्षे लागली. हेन्री फॉसेट नावाचा पोस्टमास्तर जनरल झाला. हा गृहस्थ आंधळा होता, आणि त्याला दिसले! 1880 साली त्याने एक छापील कागद काढला. त्यावर पेनीची बारा तिकिटे चिकटवायची, कागद भरला की पोस्ट तो शिलिंग म्हणून जमा करून घेई. यॉर्कशरमध्ये एडवर्ड अॅक्रॉइडने 1859 साली पेनी बँक काढली होती, तिचाही हेतू असाच. रॉचडेलच्या विणकऱ्यांनी तर 1844 साली 21 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या चार दिवस आधी, आपले सहकारी दुकान उघडले. मालात पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. या चळवळीतल्या दुकानांत खरेदीच्या मानाने तिमाहीला नफा परत मिळू लागला. पुढे कित्येक घरांच्या सणाला त्या परताव्याचा आधार असे. बाईने साठवायचे म्हणून साठवले नाही, रोजचे पीठ घेतले आणि त्यातून पैसे जमले. ही युक्ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

ज्यांना यातले काही साधले नाही ते गहाणवटीच्या दुकानी जात. 1872 च्या कायद्याने लहान कर्जावर दर दोन शिलिंगांना महिन्याला अर्धा पेनी व्याज ठरवून दिले होते. ऐकायला काहीच नाही. पण वर्षाचा हिशेब मांडा, शेकडा 25 होतात. वर चिठ्ठीचा अर्धा पेनी. रविवारचा कोट गहाण टाकून नाताळ केला तर त्या कोटाची सोडवणूक ईस्टरपर्यंत पुरे.

शहाण्या आया मग आठ मैल जातच नसत. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी फुकट होती. प्राणिसंग्रहालयात 1848 पासून सोमवारी सहा पेन्सांत प्रवेश मिळे, तेव्हा 26 तारीख सोमवारी आली तर चैन. आणि रात्री पँटोमाइम. हा नाच, गाणी, विदूषक आणि परीकथा यांचा मिळून झालेला तमाशा. त्याचा पहिला खेळ बॉक्सिंग डेच्या रात्री लावायची लंडनच्या नाटकगृहांची रीत होती. ड्रुरी लेनला ऑगस्टस हॅरिसने 1879 पासून यावर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि 1888 पासून डॅन लेनो हा बुटका नट तेथे लोकांना हसवू लागला. त्या झगमगाटाचा खर्च खालच्या खुर्च्यांतून वसूल होई. थेट छताखाली, गॅलरीत, काही पेन्सांत जागा मिळे. तेथे तासन्तास उभे राहून, धक्के खाऊन चढायचे, खिशातले संत्रे सोलायचे, आणि खालच्या लोकांनी दहापट देऊन विकत घेतलेला खेळ वरून पाहायचा.

आपल्याकडे नाताळ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि नाताळची सुटी इंग्रजांबरोबर. सण थोड्यांचा, सुटी सगळ्यांची. कोर्टे आणि कचेऱ्या बंद, वकील मोकळे, म्हणून राष्ट्रसभेची पहिली बैठक मुंबईस 28 डिसेंबर 1885 रोजी भरली, आणि 1929 च्या लाहोर अधिवेशनापर्यंत बहुतेक वर्षे हाच आठवडा धरला गेला. आमच्या शाळेच्या सहली आजही त्याच सुमारास निघतात. वर्गणी गोळा करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. एक आई गणपतीपासून माझ्याकडे वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये आणून देई. “गुरुजी, तुमच्यापाशीच ठेवा, घरात राहत न्हाईत,” असे म्हणे. लॅम्बेथच्या बायांच्या वह्या मी पुढे वाचल्या तेव्हा हे वाक्य मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तिच्या नोटा मी वेगळ्या पाकिटात ठेवीत असे. त्यांतली एकही दुसऱ्या कामाला वापरली नाही, पगाराच्या आदल्या दिवशीसुद्धा. ते पाकीट कपाटात असताना मला झोप जरा सावध लागे, हे मात्र खरे.

विलायतेत पुढे दिवस पालटले. 1938 नंतर पगारी रजा आली, युद्धानंतर मिळकत वाढली. नाताळच्या दिवशी धावणाऱ्या गाड्या 1960 च्या दशकात बंद होत गेल्या आणि आज 25 तारखेला तिकडे रेल्वे धावत नाही. सहलीला जाणारे मोटारीने जातात. क्रिस्टल पॅलेस 1936 सालीच जळून गेला. मला वाटले होते की पेन्सांचे क्लबही या सगळ्याबरोबर इतिहासजमा झाले असतील.

तसे झालेले नाही. गल्लीतली बाई गेली, तिच्या जागी कंपनी आली. फेअरपॅक ही अशीच एक. वर्षभर थोडे थोडे भरायचे, आणि नाताळला खाण्याच्या जिनसांची करंडी किंवा दुकानांत चालणारी कुपने घ्यायची. व्याज नाही. पैसे गोळा करणाऱ्या बहुधा शेजारच्या, नात्यातल्या बायकाच. ऑक्टोबर 2006 मध्ये, नाताळ अडीच महिन्यांवर आला असता, ही कंपनी बुडाली. लाखाहून अधिक कुटुंबांचे मिळून चार कोटी पौंडांच्या आसपास अडकले. सरासरी एका घराचे चारशे पौंड. ही रक्कम बँकेतली ठेव धरली गेली नाही, म्हणून ठेवींची सरकारी हमी तिला लागू पडली नाही. ती बाकीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे या धंद्यातल्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांचा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याची व्यवस्था केली. फेअरपॅकच्या लोकांना वाट पाहावी लागली. 2012 साली न्यायालयात प्रकरण गाजले, कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वागण्यावर न्यायाधीशांनी ताशेरे ओढले, आणि ती बँक ज्यांच्या ताब्यात गेली होती त्या लॉइड्सने 80 लाख पौंड भरपाईसाठी दिले. सगळे मिळून रुपयाला आठ आणे या मानाने परत आले.

गोळा करणाऱ्या बायका त्या ऑक्टोबरात ज्यांच्या दारी निरोप घेऊन गेल्या ते त्यांचेच शेजारी, त्यांच्याच बहिणी होत्या.